कुंभकोणमच्या उमेदवारांस हितोपदेश

सनदी नोकरीची आकांक्षा धरणाऱ्या तरुणाने सर्वप्रथम आपल्या जन्माची नीट व्यवस्था करावी. हा उपदेश काहींस किंचित उशिरा पोहोचला असे वाटेल. परंतु कावेरीकाठच्या ज्या महाराष्ट्रीय कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या भोसल्यांची दप्तरे सांभाळली, जमाबंदीचे कागद मोडीत लिहिले, आणि राजा जाऊन कलेक्टर आल्यावर त्याच्याही कचेरीत शिरस्तेदारीचे आसन जणू काही घडलेच नाही अशा प्रसन्न चर्येने पुढे चालविले, त्यांचा अनुभव याच सिद्धांतास पुष्टी देतो. सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणम येथेच जन्मले. चुलते वेंकटराव त्रावणकोरचे दिवाण, वडील रंगराव हेही त्याच गादीचे दिवाण, एवढी पूर्वतयारी झाल्यावर त्यांनी मद्रासेत पॉवेलसाहेबांच्या हाताखाली अध्ययन केले, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. माधवराव योग्यतेचे पुरुष होते यात संशय नाही. पण योग्यता दारापर्यंत नेते आणि दार उघडावयास चुलता लागतो, हे त्या काळी शहाण्यांस ठाऊक होते.

ज्यांना असा चुलता निवडण्याचे साधले नाही, त्यांच्यासाठी परीक्षा आहे. १८५५ साली दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये सनदी नोकरीची पहिली स्पर्धा परीक्षा झाली, आणि तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले, तेव्हा त्यांचे सिंहासन कंपनी सरकारने मिटवून टाकले. एक दरवाजा मिटला तेव्हा दुसरा उघडला खरा, पण तो समुद्रापलीकडे! शिवाय वयाची कमाल मर्यादा २३ होती, म्हणजे स्वतः माधवरावही त्या वर्षी अपात्रच ठरले असते. आत शिरणाऱ्यास ग्रीक व लॅटिन यांचे प्रत्येकी ७५० गुण मिळू शकत, तर संस्कृतचे ३७५; तेव्हा चतुर्वेदी कुळात जन्मलेल्या मुलाने वेद अर्ध्या किमतीस सोडून होमर पूर्ण भावाने विकत घ्यावा, हे हिशेबाने उघड होते. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली ही परीक्षा उतरले. भारतात ती घेण्याची सोय व्हावयास १९२२ साल उजाडावे लागले.

आता अध्ययनाकडे वळू. येथे एकच नियम कंठस्थ करावा, तो असा की कोणत्याही विषयावर प्रेम करू नये. या नियमाचा भंग करणाराची काय गती होते, ते पाहण्यासाठी कुंभकोणमइतके सोयीचे स्थळ नाही. सारंगपाणी देवळाच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे घर आहे. त्या घरातील श्रीनिवास रामानुजन नावाचा मुलगा टाउन हायस्कुलातून उत्तम रीतीने बाहेर पडला, आणि १९०४ साली, दक्षिणेचे केंब्रिज म्हणून ज्याची ख्याती होती त्या कावेरीकाठच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाला. त्याने गणितावर प्रेम केले. इतर विषय त्याच्या दृष्टीस पडेनात. इंग्रजी निबंधात तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली, आणि मद्रासेच्या पचैयप्पा महाविद्यालयातही पुढे यशाने पाठ फिरवली. विवेकी उमेदवार अशा माणसापासून दूर राहतो. आजच्या सनदी सेवेच्या मुख्य परीक्षेत लेखी भागास १७५० गुण असून त्यांतील ५०० ऐच्छिक विषयाचे असतात, म्हणजे प्रेमास ५०० गुणांपर्यंत मुभा आहे. उरलेले १२५० समदृष्टीने, सर्व विषयांस सारखेच थोडथोडे ओळखणाऱ्या सत्पुरुषास मिळतात. राज्यघटना, मोसमी वारे, बँकदर, बौद्ध स्तूप आणि दशांश अपूर्णांक यांविषयी मनात समान उदासीनता बाळगावी. पूर्वपरीक्षेत चुकलेल्या प्रश्नागणिक त्याच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग कापला जात असल्याने, साहसाची प्रवृत्ती मुळातच छाटावी.

भाषेच्या पत्रिकेविषयी एक सूचना. ती ३०० गुणांची असते, नुसती उत्तीर्ण होण्यापुरती. आपल्या घरची मराठी हाताशी आहे म्हणून तंजावरी उमेदवार मराठी घेऊ पाहील, तर त्याने आजीच्या बोलीची त्या पत्रिकेशी ओळख आहे काय, याची आधी चौकशी करावी. ती तीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीखालून निघाली, आणि पुढील वाटेत शुद्धलेखनाचे नियम तिला भेटलेच नाहीत. तमिळ घ्यावी. आजीस कळू देऊ नये.

स्थानमाहात्म्याचा उपयोग अवश्य करावा. नवग्रहांची देवळे या गावाच्या आसपास विखुरलेली आहेत: बृहस्पती आळंगुडीस, राहू तिरुनागेश्वरमला. पुणे-दिल्लीच्या शिकवण्यांत असली सोय नाही. मात्र सर्वसाधारण प्रवर्गास सहाच संधी आहेत, आणि वयाची मर्यादा ३२. ग्रह नऊ असल्याने तीन वाया जातील हे गृहीत धरावे.

अखेर मुलाखत, २७५ गुणांची. सभासद गावाची प्रसिद्धी विचारतील. विड्याची पाने, पितळी भांडी, बारा वर्षांनी येणारा महामहम, मागचा २०१६ व पुढचा २०२८ चा, असे क्रमाने सांगावे. रामानुजनचा विषय निघाला तर केवळ त्याची कीर्ती सांगावी. तो १९१० साली नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याकडे आपल्या वह्या घेऊन गेला. त्या कलेक्टराने आपला निर्णय काही काळ तहकूब ठेवून त्याचे ऐकून घेतले, माणूस ओळखला आणि दरमहा २५ रुपये स्वतःच्या पदरचे दिले. १९१२ साली त्या मुलास मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांची कारकुनी मिळाली, हे सारे ठाऊक असले तरी आपण होऊन काढू नये. एखाद्या खवचट सभासदाने, ही पारख त्या कलेक्टराच्या कोणत्या पत्रिकेत तपासली गेली होती, असे विचारलेच, तर विनम्रपणे महामहम तळ्याच्या काठी असलेल्या सोळा मंडपांकडे संभाषण वळवावे. ते नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षित यांनी बांधविले, या उत्तरास गुण आहेत.