खुलासेवार गृहस्थ

खरेदीखतात पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध, अशा चतुःसीमा लिहून मालमत्ता चारी बाजूंनी जखडून टाकणाऱ्या दस्तलेखकांचा वंश नामशेष झाला असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी हिंजवडीच्या एखाद्या संगणक-कचेरीत डोकावून पाहावे. तेथे तो नव्या वेषात सुखाने नांदत असून, एआय एजंटांच्या हाती द्यावयाच्या टूलांची वर्णने लिहिणे हा त्याचा सांप्रतचा व्यवसाय आहे.

या गृहस्थांची बहुतेक हयात मेसेज क्यूंच्या चाकरीत गेलेली असते. एका प्रणालीने टाकलेला मेसेज दुसरी सवडीने उचलीपर्यंत सांभाळून ठेवणे, एवढेच क्यूचे काम. परंतु त्यात किती भानगडी संभवतात हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. पूर्वी त्या ते अपरात्री उठून स्वतः निस्तरीत. आता ते काम एजंटाकडे आहे, आणि एजंटाला दिसते ते केवळ टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास पुरवावयाच्या बाबींची यादी. उमेदवारीतला मुलगा शंका आली की शेजारच्या टेबलाकडे मान वळवितो. एजंट मात्र बहुधा, लिहिलेले प्रमाण मानून आणि न लिहिलेले स्वबुद्धीने भरून काढून, अत्यंत विनयपूर्वक अनर्थ करतो.

‘क्यू साफ करते’ हे एका टूलचे वर्णन जेव्हा त्यांच्या नजरेस पडले, तेव्हा ‘अडकलेला मेसेज काढ’ असा हुकूम झालेला एजंट त्यावरून काय करील या कल्पनेने त्यांनी चहा अर्धा टाकला, आणि दुपारपर्यंत पुढील मजकूर सिद्ध केला: ‘या क्यूमधील सर्व मेसेज कायमचे नष्ट करते, ते परत मिळत नाहीत. एकच मेसेज काढावयाचा असल्यास हे टूल वापरू नये. वापरण्यापूर्वी क्यूचे नाव व शिल्लक संख्या कळवून माणसाची मंजुरी घ्यावी.’ एवढ्यावर न थांबता, वर्णन म्हणजे काही कुलूप नव्हे हे जाणून, मंजुरीवाचून ते टूल चालूच नये असा बंदोबस्तही त्यांनी सर्व्हरवर केला.

ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू-सेवेतील ‘मेसेज आणते’ या टूलवर तर त्यांची प्रतिभा विशेष फुलली. मेसेज आणला म्हणजे तो क्यूमधून गेला असे नव्हे. वेगळे ठरविले नसल्यास तो ३० सेकंद इतरांच्या दृष्टीआड होतो आणि त्या मुदतीत डिलीट न केल्यास पुनश्च प्रकट होतो. डिलीट करण्यास त्याचा आयडी चालत नाही, आणतेवेळी मिळालेले रिसीट हँडल लागते. एका खेपेस १० हून अधिक मेसेज येत नाहीत. आणि रिकामे उत्तर आले एवढ्यावरून क्यू रिकामी आहे असे समजू नये. हे अखेरचे कलम त्यांना इतके प्रिय आहे की, घंटा वाजवूनही दार न उघडल्यास ‘घरात कोणी नाही’ असे ते सोबत्यांना म्हणू देत नाहीत.

हा व्यासंग कचेरीच्या वेळेपुरता राहता तर बरे होते. सोसायटीच्या फलकावर ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही’ एवढेच वाचून त्यांनी खाली पुस्ती जोडली: ‘सकाळी म्हणजे ६ ते ११. त्यानंतरही न आल्यास सचिवांना विचारावे. टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः उघडू नये.’ त्या दिवशी सचिवांना एकही फोन आला नाही, आणि त्याचे श्रेय सचिवांनी घेतले. घरी पत्नीही आता तयार झाली आहे, पिशवी हाती देतानाच ती बजावते, “अहो, कोथिंबीर एक जुडी. नाही मिळाली तर तसेच परत या, पुदिना आणू नका.”

अशा माणसाची थट्टा सोपी आहे. खरी मौज निराळीच आहे. वारंवार फसलेले मेसेज ज्या डेड-लेटर क्यूमध्ये जाऊन पडतात, तेथून ते कोणी, केव्हा आणि काय तपासून पुन्हा चालवावेत, हे माणसांकरिता नीट लिहून ठेवण्यास वर्षानुवर्षे कोणास फुरसत झाली नव्हती. नवी मुले ते विचारून, चुकून आणि बोलणी खाऊन शिकत. यंत्राच्या गैरसमजाने नुकसान होईल असे दिसताच तोच मजकूर एका पंधरवड्यात तयार झाला, आणि एजंटांखालोखाल त्याचे सर्वांत निष्ठावंत वाचक आज तीच मुले आहेत.