लॉक स्क्रीनवर हरमल लावा

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एखाद्या कचेरीत, पतसंस्थेत किंवा शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डोकावून पाहा. खुर्चीवरचा माणूस चहाला गेलेला असतो, संगणकाला कुलूप असतं आणि त्या कुलपावर एक चित्र असतं. बऱ्याचदा ते एका गुहेतून टिपलेलं असतं. समोर समुद्र, पाण्यात उभे खडक आणि ओल्या वाळूवरून धावणारी एक आकृती. विंडोज 10 बरोबर जगभर पोचलेलं हे चित्र न्यूझीलंडच्या व्हारारिकी किनाऱ्याचं. देखणं आहे, वाद नाही. पण ज्या टेबलावर हरमलच्या समुद्राची गाज ऐकू येते, त्या टेबलावर न्यूझीलंडचा समुद्र कशाला?

कारण एकच. यंत्र जसं आलं तसं आपण वापरतो. दिवसातून कित्येकदा ज्या पडद्याकडे नजर जाते, त्यावर काय असावं हे दूरची कंपनी ठरवते आणि आपण निमूटपणे पाहतो. ‘विंडोज स्पॉटलाइट’ चालू असेल तर चित्रं आपोआप बदलत राहतात. नॉर्वेचे कडे, आइसलंडचे धबधबे, पेरूचे डोंगर. पेडण्यातल्या मुलाला हे सगळं तोंडपाठ होतं आणि आपल्याच तालुक्यातलं तेरेखोल त्याने धड पाहिलेलंही नसतं. मला हे लागतं.

ज्यांनी जगाच्या पडद्यांवर चित्रं चढवली, ते आपलं अंगण विसरले नाहीत. विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठवते? छायाचित्रकार चार्ल्स ओरिअरने जानेवारी 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो फोटो काढला. त्या भागातले द्राक्षमळे फिलॉक्सेरा नावाच्या किडीमुळे उपटून टाकले होते, म्हणून टेकडी मोकळी होती आणि पावसाने गवत तरारलं होतं. पुढे तिथे पुन्हा वेली लागल्या. आज तिथे जाऊन उभं राहिलं तर ते दृश्य दिसत नाही, ते फक्त फोटोत उरलं आहे. ॲपलने तर 2013 पासून मॅकच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला कॅलिफोर्नियातल्या एखाद्या जागेचं नाव दिलं. योसेमिटी, मोहावी, बिग सर. नाव तिथलं आणि अनेकदा पडद्यावरचं चित्रही तिथलंच.

आता आपल्या तालुक्यातल्या मोपाचा सडा आठवा. पहिल्या पावसानंतर जांभ्या दगडावर उगवणारं गवत, मग रानफुलं, चरणारी गुरं. 13 नोव्हेंबर 2016 रोजी तिथे विमानतळाची पायाभरणी झाली, 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं. विमानतळ हवा होता की नको, हा वाद वेगळा. पण पायाभरणीच्या आधीच्या श्रावणातल्या त्या सड्याचा एक चांगला, आडवा, मोठ्या आकाराचा फोटो तुमच्याकडे आहे का? माझा राग इथे आहे. डोळ्यांसमोरची गोष्ट आपण टिपत नाही आणि ती गेल्यावर हळहळतो.

हरमलमध्ये तर घाई करायला हवी. गिरकरवाड्यावरच्या बेकायदा बांधकामांचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. कुठे काय होतं आणि कधी उभं राहिलं, हे सांगायला गावाकडे स्वतःची चित्रं हवीत. सूर्यास्त नको, सूर्यास्ताने आधीच इंटरनेट भरून वाहतंय. खडकांच्या कडेने दुकानांच्या रांगेतून कालाचा किनाऱ्याकडे जाणारी वाट काढा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरचं गोड्या पाण्याचं तळं काढा, तेही जूनमध्ये, पर्यटक नसताना. आणि रापण काढा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याची मासेमारी. पहाटे दोन बाजूंना दोन रांगा उभ्या असतात. दोर खांद्यावर, टाचा वाळूत रुतलेल्या, सगळं अंग मागे रेललेलं. जाळं जवळ येऊ लागलं की दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि आवाज वाढतो. हा क्षण पडद्यावर लावा आणि मग न्यूझीलंडशी तुलना करा.

हे फक्त पेडण्यापुरतं नाही. डिचोलीकरांनी मये तळं आणि हरवळेचा धबधबा लावावाच, पण खाणीचा पाण्याने भरलेला खड्डाही लावावा. तोही तालुक्याचाच चेहरा आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. किनाऱ्यावर अंघोळीला आलेल्या बायकांचे चोरून फोटो काढणारे आणि ते पडद्यावर मिरवणारे आपल्यातच आहेत. त्यांना समोरासमोर टोका. रापणकरांचा फोटो काढतानाही आधी विचारा. लॉक स्क्रीन पासवर्डशिवाय कुणालाही दिसते, म्हणून चार लोक वावरतात तिथल्या यंत्रावर स्वतःच्या लेकराबाळांचे फोटो नकोत. आलेल्या मेलचा मजकूर तिथे झळकू नये म्हणून नोटिफिकेशन्सही बंद करा.

बदल करायला दोन मिनिटं लागतात. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन, तिथे स्पॉटलाइटऐवजी ‘पिक्चर’ निवडा आणि फोटो दाखवा. त्याखालचा टिपा आणि गमतीजमती दाखवणारा पर्यायही काढून टाका, नाहीतर तळ्यावर कंपनीची अक्षरं चढतील. फोटो आडवाच हवा. मोबाइल उभा धरून काढलेल्या फोटोतलं डोकं तरी कापलं जातं नाहीतर पाय. विंडोज 10 मध्ये घड्याळ डाव्या कोपऱ्यात खाली येतं, 11 मध्ये वर मधोमध. तिथे आभाळ किंवा वाळू असू द्या, माणसाचा चेहरा नको.

सरकारी यंत्रावर हा पर्याय बंद असेल तर तो वरून बंद केलेला असतो. म्हणजेच वरून एकच चित्र खात्यातल्या सगळ्या यंत्रांवर लावताही येतं. मग गोव्यातल्या सरकारी संगणकांवर गोवा का नसावा? याला निविदा लागत नाही. शाळांनी तर उद्याच सुरुवात करावी. पेडण्याची पुनव, सड्यावरची फुलं, केरीची फेरीबोट. मुलांनी फोटो काढावेत आणि दर महिन्याला एक फोटो लॅबच्या सगळ्या पडद्यांवर लागावा, खाली मुलाचं नाव नको, जागेचं हवं.

व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत घेऊ नका. ती दाबून बारीक झालेली असते आणि मोठ्या पडद्यावर फुटते. फोनमधली मूळ फाइल केबलने उतरवा, फाइलच्या नावात जागा आणि तारीख लिहा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.