रेटवाले मामा

रेटवाले मामा ही जमात तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे बेला-जैनथ भागातल्या कापूसवाल्या गावांत आढळते. मुलगा दुबईत आणि डोळे मोबाइलवर, ही त्यांची मुख्य खूण. ‘आज काय रेट?’ या प्रश्नाला कापसाचा भाव सांगणारा माणूस गावात नवा समजावा. मामा दिरहमचा रेट विचारत असतात.

भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायची सवय अंगात मुरलेली. तीच मामांनी मुलाच्या पगाराला लावली आहे. दिरहमाने घरच्यांच्या अंगाला कापसासारखी खाज सुटत नाही, एवढाच फायदा.

निवडणूक आली की मामांना भरते येते. 1997 पासून दिरहम डॉलरला बांधलेला आहे: एका डॉलरला 3.6725 दिरहम. म्हणजे डॉलरपुढे रुपया घसरला की दिरहम आपोआप चढतो. दिल्लीत भक्कम सरकार येणार अशी चिन्हे दिसली, की परदेशी गुंतवणूकदार डॉलर मोडून रुपये घेतात आणि रुपया वधारतो. मुलाचा पगार तेवढाच राहून गावात कमी भरतो. निकाल अडखळला की उलटे. त्यामुळे मामा मत स्थिर सरकारला देतात आणि नवस त्रिशंकू लोकसभेचा बोलतात.

3 जून 2024 ला एक्झिट पोलच्या जोरावर डॉलर 83.14 रुपयांवर उतरला. मामांनी चहा अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशी लोकसभेच्या निकालात भाजप 240 जागांवर अडकला आणि डॉलर 83.50च्या पुढे गेला. मामांनी लगेच दुबईला फोन लावला: ‘पाठवू नको रे बापू, अजून चढते.’ प्रत्यक्षात दिरहममागे वाढले होते साधारण दहा पैसे. हजार दिरहमला शंभर रुपये. तोवर मृग तोंडावर आला. कपाशीचे बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर आणावे लागले आणि उधारीच्या भावात ते शंभर रुपये कधीच जिरले.

विधानसभेच्या निकालाचा या रेटशी फारसा संबंध नसतो. तेलंगणाचा निकाल 3 डिसेंबर 2023 ला लागला, तो रविवार होता आणि चलनबाजार बंद. तरी मामा दिवसभर रेट पाहत होते. मुलगा अमेरिकेत असलेले डॉलरवाले मामा ही याच जमातीची वरची शाखा. नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रम्प जिंकले आणि रुपया तोवरच्या नीचांकावर गेला, तेव्हा अभिनंदन या मामांनी स्वीकारले.

निकालाच्या दिवशीचा झटका मोठा होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा घेते. मे 2014 मध्ये 59 रुपयांच्या आसपास असलेला डॉलर दहा वर्षांत 83 वर पोहोचला, तो तेलाची आयात, महागाईतली तफावत आणि अमेरिकेतले व्याजदर यांच्या संथ रेट्याने. मामांच्या हिशेबात मात्र ही सगळी वाढ त्यांनी वाट पाहिल्यामुळे झालेली असते.