टचपॅडला जादा कामं कशी लावावीत

(लोहारा तालुक्यातील सेवा केंद्रचालक व त्यांच्या टेबलाला टेकून उभ्या राहणाऱ्या समस्त मंडळींसाठी)

आधी हात धुवा, मग कोरडे करा. टचपॅड दाबाने नव्हे, बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतभारावर चालतो. ओल्या बोटाने बाण उड्या मारतो, आणि कोळपणीने घट्टे पडलेलं बोट त्याला धड कळतही नाही. ज्या अंगठ्याला आधारचं यंत्र तीनदा नाकारतं, त्याच्याकडून इथे मानाची अपेक्षा करू नये.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडून पॅडचं कुळ तपासा: सिनॅप्टिक्स, इलान की आल्प्स. सिनॅप्टिक्स घराणं मोठं. कार्व्हर मीड आणि जगातला पहिला व्यावसायिक मायक्रोप्रोसेसर घडवणाऱ्यांतले फेडेरिको फॅजिन यांनी ती कंपनी १९८६ साली काढली, ती मेंदूसारखं चालणारं यंत्र करायला. लातूरला नीटच्या शिकवणीला गेलेला पोरगा गावात येऊन मेडिकल टाकतो, तशी ती पुढे टचपॅडवर स्थिरावली आणि भरभराटली.

ड्रायव्हर मॉडेल नंबर बघून लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून घ्यावा आणि एका पेनड्राइव्हवरही ठेवावा. ‘फुकट ड्रायव्हर’ अशी हिरवी बटणं दाबणाऱ्यास पुढचा परिच्छेद वाचण्याची गरज नाही. त्याचा लॅपटॉप चालू राहणार नाही. बसवताना पॅड मध्येच मान टाकतो, म्हणून माउस जोडून ठेवा.

आता कामं वाटून द्या. जुन्या सिनॅप्टिक्समध्ये उजव्या कडेवरून एक बोट ओढलं की पान सरकतं. २०१३ साली विंडोज ८.१ बरोबर प्रिसिजन टचपॅड आले. तसा असेल तर विंडोज १० पासून बरीचशी कामं सेटिंग्जमध्येच मिळतात. तीन बोटांची टिचकी मधल्या बटणाला जोडा: लिंक नव्या टॅबमध्ये उघडते, अर्धा भरलेला अर्ज जागेवर राहतो. तीन बोटं वर ओढली की सगळ्या खिडक्या दिसतात. खाली ओढली की सगळं लपून नुसता डेस्कटॉप उरतो. ही शेवटची सोय क्रिकेटच्या मोसमात अत्यावश्यक आहे. रांगेला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढं सांगून सामना बघता येतो, आणि कुणी साहेब दारात आले की तीन बोटांत केंद्र पुन्हा कर्तव्यदक्ष.

संवेदनशीलता मात्र ‘कमी’वर ठेवा. नाहीतर खरिपाची यादी एक्सेलमध्ये भरताना ‘सास्तूर’ लिहायला घेता, अर्ध्यावर तळहात पॅडला लागतो, ‘सास्’ गावाच्या रकान्यात राहतं आणि ‘तूर’ पिकाच्या रकान्यात पडते. शेतात सोयाबीन. पुढे त्या शेतकऱ्याला कुठल्या टेबलावर काय पटवून द्यावं लागतं, ते या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

एवढं साधलं की विंडोज एका रात्री आपणहून अपडेट होतं आणि सगळी कामं पुसली जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ते बटण फिकट पडून दबत नसेल, तर पेनड्राइव्हवर ठेवलेला जुना ड्रायव्हर पुन्हा बसवा. तो पेनड्राइव्ह वरातीची गाणी भरायला मात्र कुणाला देऊ नका.