गोठा, गुलाल आणि गुरुवार

नाताळच्या दिवशी इंग्लंडात आगगाडी धावत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेलाही सुट्टी. मोठ्या दुकानांचं तर विचारूच नका. २००४ साली खास कायदा करून २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला २५ डिसेंबरला कुलूप सक्तीचं केलंय. थोडक्यात, २४च्या संध्याकाळी ज्या नातेवाइकांच्या तावडीत तुम्ही असाल, त्यांच्याच तावडीत २६ उजाडेपर्यंत राहायचं. इंग्रजांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे खेड्यातली भाड्याची कॉटेजेस. एका अंगणाभोवतीची दोन-तीन घरं घ्यायची, दिवसा एकमेकांशी गोड बोलायचं आणि रात्री आपापल्या दाराला आतून कडी लावायची. एकत्र कुटुंबाचं पुण्य आणि विभक्त कुटुंबाची झोप.

२०२४च्या नाताळला आपणही हेच करायचं, असं आमच्या थोरल्या भाऊजींनी जानेवारीतच जाहीर केलं. मला ते फार लवकर वाटलं. मामा म्हणाले, "उशीरच झालाय." मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. चौऱ्याहत्तर सालापासून बर्मिंगहॅममध्ये डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांच्या मते इंग्लंडातल्या कुठल्याही गोष्टीला एकतर उशीर झालेला असतो, नाहीतर ती चौऱ्याहत्तर साली जास्त चांगली मिळायची.

आम्ही रेडिंगला, भाऊजी लेस्टरला, नणंदबाई एडिंबराला आणि मामा-मामी बर्मिंगहॅमला. सासूबाई आणि आप्पा साताऱ्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर येणार. भाऊजी संगणकातले असल्यामुळे त्यांनी एक तक्ता केला आणि चार गावांचा मध्य काढला. तो पडला डर्बीशरच्या डोंगरात. जागा उत्तम होती. पण मध्य हा गावांचा काढायचा की माणसांचा, असा प्रश्न नणंदबाईंनी विचारला. माणसांचा काढला तर लहान मुलं पूर्ण धरायची की अर्धी, असा उपप्रश्न जाऊबाईंनी विचारला. हा शास्त्रार्थ होळीपर्यंत चालला. तोपर्यंत डर्बीशरमधलं अंगणासकटचं सगळं भरून गेलं, आणि उरलं ते थेट वर, लेक डिस्ट्रिक्टमध्ये, केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेल नावाच्या खोऱ्यात. आम्हाला रेडिंगहून तीनशे मैलांच्या घरात. केझिकची रेल्वे १९७२ सालीच बंद झालेली, त्यामुळे गाडीला पर्याय नाही. "चौऱ्याहत्तर साली..." असं मामांनी सुरू केलं आणि मग तारीख लक्षात येऊन ते गप्प बसले.

याच खोऱ्याच्या टोकाला सीथवेट नावाची वाडी आहे. इंग्लंडातलं सर्वांत पावसाळी वस्तीचं ठिकाण म्हणून तिची ख्याती. वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. भाऊजींनी हे धोक्याचा इशारा म्हणून ग्रुपवर टाकलं. साताऱ्याहून आप्पांचं उत्तर आलं: "महाबळेश्वरात पाच हजारांच्या पुढे पडतो. छत्री आणावी काय?"

घरं तीन होती. जुन्या शेतवाडीतलं धान्याचं कोठार, घोड्यांचा तबेला आणि गाईंचा गोठा. तिघांनाही आता खिडक्या, गालिचे आणि चार आकडी भाडं होतं. कोठारात सहा माणसं, तबेल्यात चार, गोठ्यात चार; एकूण चौदा, आणि आम्हीही नेमके चौदा. यात हलवाहलव करायला वाव नव्हता, कारण ठरल्यापेक्षा एकही डोकं जास्त झोपलेलं मालकांना चालत नाही. गणपतीत कोकणातल्या माजघरात एका सतरंजीवर किती माणसं झोपतात हे मालकीणबाईंना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या विमा कंपनीला ते पटलं नसतं.

गोठ्याला जिना नाही, सगळं तळमजल्यावर, म्हणून तो आप्पा-सासूबाई आणि मामा-मामींना द्यायचं ठरलं. निर्णय गुडघ्यांच्या हिताचा होता. पण आप्पांच्या कानावर घालायचा कोणी? शेवटी नवऱ्याने फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आप्पा म्हणाले, "माझ्या वडिलांनी गोठा सुटावा म्हणून मला शिकवलं. मी शिक्षक झालो. तुम्हाला शिकवून विलायतेला पाठवलं. आणि आता तुम्ही पैसे भरून मला परत गोठ्यात नेताय." जाऊबाई कॉन्व्हेंटच्या. त्यांनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "आप्पा, ख्रिस्तजन्म गोठ्यातच झाला होता. नाताळला त्याहून मानाची जागा नाही." यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं. पुढे साताऱ्यात ते सगळ्यांना सांगत सुटले की मुलांनी मुद्दाम गोठाच बघितला.

आता राहिला जेवणाचा प्रश्न. तो उरलेले सगळे महिने पुरला. त्या वर्षी नाताळ मार्गशीर्षात आला होता आणि नाताळ बुधवारी, म्हणजे २६ तारीख मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सासूबाईंच्या घरात मार्गशीर्षभर मासे-मटण बंद, आणि गुरुवारी महालक्ष्मीचा घट. मुलांना तर टर्की हवी होती. शाळेत सगळ्यांकडे असते म्हणून. सासूबाई ठाम होत्या. मग मामींनी हळूच एक वाक्य टाकलं: "जावयाचं काय?"

आमचे जावईबापू स्कॉटिश आहेत. मुलांच्या रडण्याने न पाघळलेल्या सासूबाई या एका शब्दाने विरघळल्या. "खरंच की. त्यांचा एवढा मोठा सण. जावयाला सणाला वरणभातावर ठेवलं म्हणतील." टर्की मंजूर झाली, मात्र ती तबेल्यात शिजेल, तिकडच्याच भांड्यात, आणि गोठ्याच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. जावईबापूंचं मत कोणीच विचारलं नाही. ते बऱ्याच उशिरा कळलं: स्कॉटलंडात नाताळला सरकारी सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडलं, त्यांचे आजोबा २५ डिसेंबरला डबा घेऊन कामावर जायचे. खरा सण ३१ डिसेंबरचा. टर्की त्यांना मुळात आवडतच नाही, कोरडी लागते म्हणतात.

शुक्रवारी, २० तारखेला सगळे निघालो. भाऊजींची गाडी लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून कोथिंबीर, कढीपत्ता, विड्याची पानं, हरभऱ्याची डाळ आणि पाच नारळ लादून निघाली. दुपारी चारला ताबा मिळतो. तिथे डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो, आणि डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात तर तेवढंही थांबत नाही. त्यामुळे आम्ही ज्या निसर्गाच्या कुशीत आलो होतो, ती कूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता दिसली.

दिसली ती अशी: दगडी बांध, त्यापलीकडे ओलं हिरवं कुरण, आणि कुरणात हर्डविक मेंढ्या. ही इथली खास जात. कोकरू जन्मतं काळं, वय वाढेल तशी लोकर करडी होत जाते, चेहरा पांढरा. 'पीटर रॅबिट'वाल्या बीट्रिक्स पॉटरबाईंनी हीच जात पाळली होती, आणि १९४३ साली जाताना चार हजार एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या. हे सगळं नवरा सासूबाईंना सांगत होता. पण त्यांचं लक्ष भलतीकडे होतं.

"मेंढ्यांना गुलाल कोणी लावला रे?"

खरंच, बऱ्याच मेंढ्यांच्या पाठीमागच्या बाजूला लाल रंगाचे भरगच्च ठसे होते. "मालकाची खूण असते," नवरा घाईघाईने म्हणाला. ते अर्धसत्य होतं. मालकाची खूणही असते, पण ती लोकरीवर ठरलेल्या जागी. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि त्यांनी उरलेलं सत्य खणखणीत आवाजात सांगितलं: नोव्हेंबरात मेंढा सोडतात तेव्हा त्याच्या छातीला रंग फासतात. जिच्यावर रंग उमटला तिचं काम झालं. बिनरंगाच्या राहिल्या त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने हे सगळं आजीला मराठीत, एकही तपशील न गाळता सांगितलं. सासूबाईंनी क्षणभर कुरणाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पद्धत चांगली आहे. पण एकच मेंढा?"

घरांची व्यवस्था पहिल्या रात्रीपासूनच कोसळली. गोठ्यात आगा होती. आगा म्हणजे बिडाची अवजड चूल. बटणं नाहीत, ज्योत नाही, दिवसरात्र तापलेली. वर झाकणं असलेले दोन तवे, खाली कमी-जास्त आचेच्या भट्ट्या. आप्पा भौतिकशास्त्राचे शिक्षक. त्यांनी तिच्यापाशी खुर्ची ओढली आणि तिथून उठले नाहीत. गुस्ताफ दालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने ती १९२२ साली बनवली. दीपगृहांच्या दिव्यांवरच्या कामासाठी त्याला १९१२चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी एका स्फोटात त्याचे डोळे गेले. घरी बसल्यावर बायकोचे स्वयंपाकघरातले कष्ट त्याच्या लक्षात आले. "डोळे गेल्यावर," मामी म्हणाल्या आणि मामांकडे बघितलं.

ऊब तिथे, आप्पा तिथे, चहा तिथे. म्हणून चौदाच्या चौदा माणसं गोठ्यात. कोठारातला भला मोठा सोफा, तबेल्यातली लाकडाची शेगडी, आम्ही मोजून मागवलेली लाकडं, सगळं कोरं करकरीत पडून. रात्री अकराला लोक नाइलाजाने उठून पावसातून आपापल्या घरी जायचे आणि सकाळी सातला दात घासायचा ब्रश तोंडात धरून परत यायचे. दारांच्या कड्या कोणी लावल्याचं मला आठवत नाही.

नाताळच्या सकाळी बर्फ नव्हताच. आभाळ करडं आणि हवा दमट, ऊबदार. टर्की तबेल्यात नेली आणि ती तिथल्या ओव्हनमध्ये मावेना. कोठारातल्यात पाय आत जाईनात. मावण्याजोगी भट्टी एकच, गोठ्यातली. सासूबाई तेव्हा आगाच्या तव्यावर पुरणपोळ्या भाजत होत्या. सण म्हटला की पुरण, मग तो कोणाचा का असेना. वाटाघाटी झाल्या. मामांनी टर्कीवर आधी ताट, मग कागद, मग आणखी एक ताट घातलं. "दिसत नाही ना? मग ठेवा," सासूबाई म्हणाल्या. वर मार्गशीर्ष, खाली नाताळ.

पण आगाचं एक शास्त्र आहे. तिची उष्णता साठवणीची. तव्याचं झाकण जितका वेळ उघडं, तितकी भट्टी थंड. चौदा माणसांच्या पोळ्या होईपर्यंत झाकण उघडं राहिलं आणि खाली टर्की नुसती कोमट होऊन बसली. आप्पांना हे पहिल्या तासातच कळलं होतं. ते बोलले नाहीत. "प्रयोगात हस्तक्षेप करू नये," असं नंतर म्हणाले.

तीन वाजता राजाचं भाषण. १९३२ साली पाचव्या जॉर्जने रेडिओवरून ही प्रथा सुरू केली; लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षीचं, हे मामांनी सर्वांना ऐकवलं. मुलांनी कागदी फटाके ओढले, त्यातून निघालेले कागदी मुकुट सगळ्यांच्या डोक्यावर चढले. टीव्हीवर तिसरे चार्ल्स बोडक्या डोक्याने उभे, समोर आप्पा जांभळा मुकुट घालून खुर्चीत. कोण कोणाला भेटायला आलंय, कळत नव्हतं. मामींनी ब्रसेल्स स्प्राउट्सना मोहरी, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं घातलं होतं. त्या भाजीचं एवढं भलं इंग्लंडात आजवर कोणी केलं नसेल. जावईबापूंनी तुपात बुडवून पाच पोळ्या खाल्ल्या. टर्की रात्री नऊला शिजली. तिच्याकडे बघायलाही कोणी जागं नव्हतं.

गुरुवारी घट बसला, नाताळच्या झाडाशेजारी. आंब्याचा डहाळा मिळणार नव्हता. सासूबाईंनी मालकीणबाईंच्या परवानगीने कुंपणावरची हॉली आणली. पानं काटेरी, पण हिरवीगार आणि वर लाल फळं. देवी प्रसन्न दिसत होती. दुपारी हळदी-कुंकू झालं, आणि मालकीणबाई कपाळावर कुंकू, हातात नारळ घेऊन मेंढ्यांना चारा टाकायला गेल्या.

शुक्रवारी दहाच्या आत घरं सोडायची होती. टेबलावर अभिप्रायाची वही. आधीच्या पाहुण्यांनी शांततेचं कौतुक केलेलं. मामांनी अर्धं पान लिहिलं, त्यात चौऱ्याहत्तर साल दोनदा. शेवटी सासूबाईंनी पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: "गोठा ऐसपैस आहे. बाकीची दोन घरं आम्हाला लागली नाहीत."

भाऊजींनी ते वाचलं. तिन्ही भाडी त्यांच्या कार्डावरून गेली होती. काही न बोलता ते गाडीत बसले. आम्ही पेनरिथपाशी मोटरवेला लागलो तेव्हा ग्रुपवर त्यांचा निरोप आला: "पुढच्या वर्षी चार घरं बघतोय. तिनांत फारच दाटी झाली."