डोंगरकाका

लग्नघरी पादत्राणं काढायची वेळ आली की डोंगरकाका ओळखू येतात. बाकीची माणसं फाटका मोजा लपवत घाईघाईनं सतरंजीवर बसतात. काका मोजेही काढतात आणि कुणीतरी खाली बघेल याची वाट पाहत उभे राहतात. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं, शेजारच्या बोटाला नखच नाही. ‘अहो, हे काय झालं?’ असं विचारायचा अवकाश. ‘काही नाही हो. उताराला बोटं पुढं आदळतात. रविवारी राजगडाच्या बाजूला होतो.’ एखादे मामा हळद लावायला सांगतात. त्यांच्याकडे काका करुणेनं पाहतात.

वय 49. पोट गेलं आहे, गाल त्याहून जास्त गेले आहेत. गेल्या दोन वर्षांत भेटलेल्या प्रत्येकानं आवाज खाली आणून ‘शुगर वगैरे नाही ना?’ विचारलेलं आहे. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात, ठाण्यात आता जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असे एक काका आहेत. गॅलरीत तुळशीशेजारी, पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, दातेरी तळाचे बूट वाळत दिसले की समजावं, इथलेच ते. ‘काका’ हा शब्द मात्र मी त्यांच्या तोंडावर वापरत नाही. का, ते पुढे येईल.

नव्यानं धावायला लागलेल्या माणसात आणि यांच्यात एक मोठा फरक आहे. नवा माणूस पाच किलोमीटर पळाला की पेढे वाटतो. काकांचं हे पुनरागमन आहे. कॉलेजात असताना ते आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीत तिसरे आले होते. पहिला कोण आला हे त्यांना आठवतं, दुसरा कोण आला हेही आठवतं, आणि दुसऱ्यानं एका वळणावर शेताचा बांध ओलांडून आडवाट धरली होती, हे तर ते काल घडल्यासारखं सांगतात. मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलांचे क्लास, आणि धावणं फक्त लोकलच्या किंवा पीएमटीच्या मागे. सगळं सुरळीत चाललं होतं. एके दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी त्या काळातला टीमचा फोटो टाकला, आणि बनियन घातलेल्या काटकुळ्या पोराखाली एका वर्गमैत्रिणीनं लिहिलं, ‘हा कोण?’ डॉक्टरांनी दहा वर्षं कानीकपाळी ओरडून जे झालं नव्हतं ते या दोन शब्दांनी केलं. संध्याकाळी काका बुटांच्या दुकानात होते.

पहिले काही महिने ते रस्त्यावर धावले. रस्त्याची अडचण अशी की तो खोटं बोलू देत नाही. दहा किलोमीटर म्हणजे दहा किलोमीटर, आणि किलोमीटरला साडेसात मिनिटं लागली तर ती साऱ्या जगात साडेसातच. डोंगरात ही भानगड नाही. तिथे किलोमीटरला चौदा मिनिटं लागली तर ऐकणारा आदरानं विचारतो, ‘चढ होता?’ वीस लागली तर ‘घसारा होता?’ आणि अर्धा तास लागला तर काही विचारतच नाही, तुमच्याकडे नुसतं बघत राहतो. शिवाय डोंगरात चालणं चालतं. खड्या चढावर जगातले नामांकित धावकसुद्धा गुडघ्यांवर हात टेकून चालतात, आणि त्या चालण्याला ‘पॉवर हायकिंग’ म्हणतात. ज्या चालण्यामुळे कॉलनीत लोक म्हातारा म्हणतील, त्याच चालण्याला डोंगरात तंत्र म्हणतात. माझ्या मते मध्यमवयीन माणसाला सह्याद्रीनं दिलेली ही सगळ्यात मोठी सवलत आहे.

आठवडाभर वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड, हा काकांचा शिरस्ता. आतकरवाडीकडून गडावर 600 मीटरच्या आसपास चढ आहे. रविवारी सकाळी त्या वाटेवर अर्धं पुणं असतं. काका पहाटे साडेपाचला सुरुवात करतात आणि दोनदा चढून दोनदा उतरतात. वर पोचल्यावर दरवाज्याला हात लावायचा आणि वळायचं. पिठलं-भाकरी नाही, कांदाभजी नाही, मडक्यातलं दहीसुद्धा नाही. गडावरच्या मावशी पहिल्या खेपेला ‘या, बसा’ म्हणतात. दुसऱ्या खेपेला, हा माणूस काहीतरी शोधतोय अशा समजुतीनं, ‘काय हरवलं का?’ विचारतात. मी स्वतः सिंहगडावर भज्यांसाठी जातो. भजी तळणीत असताना ज्याला मागे फिरता येतं, तो माणूस कुठलीही गोष्ट करू शकेल, असं मला वाटतं.

आणि याच वाटेवर तो प्रसंग दर रविवारी येतो. काका एकाग्र चित्तानं मुरमावरून उतरत असतात आणि मागून विशीतला एक पोरगा, पाठीवर काही नाही, हातात काही नाही, दगडावरून दगडावर उड्या मारत येतो आणि ओरडतो, ‘काका, साइड!’

काका बाजूला होतात. मग म्हणतात, ‘आज माझा इझी डे आहे.’ पोरगा तोपर्यंत दोन वळणं खाली गेलेला असतो. हे वाक्य वाटेकडेच्या कारवीला ऐकावं लागतं.

शरीराच्या बाबतीत काकांचा विश्वास मनगटावरच्या घड्याळावर आहे, म्हणजे घड्याळ चांगलं बोलतं तोवर. ‘तुमचं फिटनेस वय 38’ असं ते म्हणालं तेव्हा काकांनी त्या पडद्याचा फोटो घरच्या, ऑफिसच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पुढच्याच आठवड्यात, चार दिवस तंगडतोड केल्यावर, त्याच घड्याळानं त्यांच्या मेहनतीला ‘अनप्रॉडक्टिव्ह’ असा शेरा मारला. हाच शेरा मागे ऑफिसात साहेबांनी मारला होता, तेव्हा काकांनी निमूट सही केली होती. घड्याळाला मात्र त्यांनी दोनदा बंद करून चालू केलं. 220 मधून वय वजा केलं की हृदयाचे जास्तीत जास्त ठोके मिळतात, असं एक जुनं सूत्र आहे. त्या हिशेबानं काकांचे 171 यायला हवेत. गडाच्या मधल्या टप्प्यावर त्यांचे 180 च्या पुढे जातात. ‘ते सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाला लागू होत नाही,’ काका म्हणतात. यात ते बरोबर आहेत, म्हणून मी गप्प बसतो.

दुखण्यांची भाषाही आता बदलली आहे. पूर्वी त्यांचा गुडघा दुखायचा, हल्ली ‘आयटी बँड’ दुखतो. टाच दुखत नाही, ‘प्लँटर फॅसायटिस’ असतो. उताराला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, त्यात त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, आणि खरी कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते. म्हणून रविवारच्या लांब पल्ल्यानंतर सोमवारी काका ऑफिसात रुबाबात असतात आणि मंगळवारी जिना उलटे उतरतात, कठडा धरून, तोंड वरच्या मजल्याकडे. शिपाई आता खालच्या पायरीवर उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो.

घरच्यांनी हे सगळं स्वीकारलेलं आहे. वहिनींनी सुरुवातीला राजगिऱ्याचे लाडू करून दिले, खजूर-शेंगदाण्याच्या वड्या थापल्या. दुकानातल्या चिकट जेलच्या एका पुडीची किंमत कळल्यावर त्यांनी लाडवांचा आकार दुप्पट केला. त्यांची तक्रार एकच आहे. तीस किलोमीटर पळून आलेला माणूस घरात आल्यावर पाण्याचा तांब्या मागतो, आणि सिलिंडर सरकवायचा म्हटलं की त्याला रिकव्हरी असते. काकांना एकदा आल्प्समधल्या शामोनीला जायचं आहे. तिथे 2003 पासून माँ ब्लाँच्या भोवती फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशी सुमारे 170 किलोमीटरची शर्यत होते, चढ 10,000 मीटरचा, वेळ साडेशेहेचाळीस तास. तिथे जाण्यासाठी आधी ठरावीक शर्यती पुऱ्या करायच्या आणि मग सोडतीत नाव लागायला हवं. वहिनींचं म्हणणं, म्हाडाच्या सोडतीतही दोनदा नाव आलं नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

डिसेंबर उजाडला की काकांच्या बोलण्यात अध्यात्म येतं. ‘आपली स्पर्धा फक्त स्वतःशी असते,’ हे वाक्य तेव्हा दिवसातून एकदा तरी कानी पडतं. सिंहगड-राजगड-तोरणा या पट्ट्यात त्या सुमारास मोठी शर्यत होते, इतरत्रही होतात. गावाच्या शाळेचं पटांगण, अंधार, थंडी, कपाळावर दिवे, ‘हर हर महादेव’ची आरोळी. पाठीवरच्या झोळीत शिट्टी, चंदेरी कागदाचं पांघरूण, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. काका शेजारच्या पोरांना सांगत असतात की 1660 सालच्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे भर पावसात, रात्रीच्या अंधारात पालखी घेऊन धावणारे मावळे हेच आपले खरे अल्ट्रारनर. मुद्दा चुकीचा नाही. पण त्यांच्या मागावर सिद्दी मसूद होता आणि काकांच्या मागे असतो तो स्वीपर, म्हणजे शेवटच्या धावकामागून चालत येणारा, हातात कचऱ्याची पिशवी घेतलेला एक हसतमुख स्वयंसेवक. तो ‘सर, घाई नाही, आरामात’ म्हणतो. काकांना सिद्दी परवडला असता.

हे बोलणं चालू असताना काकांची नजर मात्र गर्दीतून फिरत असते, आणि ती पोरांवर नसते. ती पांढऱ्या कानशिलांवर असते. कारण बक्षिसं वयोगटानुसार असतात, आणि स्वतःशीच स्पर्धा करणाऱ्या या माणसाला 45 ते 49 च्या गटातल्या एकूण एक माणसाची जन्मतारीख पाठ आहे. कोण औंधचा, कोण कऱ्हाडचा, कुणाचा गुडघा फुगलाय, कुणाच्या मुलीचं लग्न ठरल्यामुळे सराव बुडालाय. यादीत सगळ्यात वर आहेत वाईकडचे एक शाळामास्तर. साधे बूट, साधी अर्धी चड्डी, घड्याळ नाही. गेल्या वर्षी ढोरवाटेवरून सरळ रेषेत चढून त्यांनी काकांना मागे टाकलं, वर जाता जाता ‘या सावकाश’ म्हणाले. या मास्तरांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख 1 जून आहे.

आता 1 जून म्हटलं की मराठी माणसाला सांगायला नको. पोराला शाळेत घालताना बापाला तारीख आठवली नाही की गुरुजी लिहीत ती. म्हणजे हे मास्तर 48 चे आहेत की 46 चे की 51 चे, हे त्यांच्या आईलाच माहीत असणार. काकांच्या मते यात अन्याय आहे. फौजा सिंग यांचं उदाहरण ते इथे देतात. 2011 साली टोरांटोत त्यांनी वयाच्या शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पुरी केली, जगभर कौतुक झालं, पण जन्माचा दाखला नसल्यानं गिनीज बुकानं विक्रम नोंदवला नाही. ‘शंभरीच्या माणसाला दाखला मागतात, आणि वाईच्या मास्तरांना कुणी विचारत नाही,’ काका म्हणतात.

तेव्हा उपाय एकच उरतो, या गटातून बाहेर पडणं. पन्नाशीची इतक्या आतुरतेनं वाट पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. 45 च्या गटात काका सगळ्यात म्हातारे आहेत, 50 च्या गटात गेले की रात्रीतून सगळ्यात तरुण होणार. जगातल्या ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांतही पाच-पाच वर्षांचे गट असतात. आपल्या पूर्वजांनी तर हे कधीच करून ठेवलंय, हे काकांनीच माझ्या लक्षात आणून दिलं. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, पंचावन्नला वारुणी, साठीला उग्ररथ, पासष्टीला मृत्युंजय, असं थेट सहस्रचंद्रदर्शनापर्यंत. दर पाच वर्षांनी नवा गट, नवी संधी.

घोडं अडलं ते एवढ्यावरच की या वर्षीची शर्यत डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आणि काकांची जन्मतारीख त्यानंतर काही दिवसांनी येणारी. ‘मला पन्नासावं लागलंय म्हणजे पन्नासच की,’ हा युक्तिवाद नोंदणीच्या टेबलावर टिकला नाही. मग पंचांग निघालं. तिथीनं त्यांचा वाढदिवस शर्यतीच्या चार दिवस आधी येत होता. काकांनी आयोजकांना रीतसर मेल पाठवला, ‘स्पर्धकाचे वय तारखेनुसार धरले जाते की तिथीनुसार?’ तासाभरात उत्तर आलं, ‘आधार कार्डानुसार. अधिक महिन्यांचाही विचार केला जाणार नाही.’

म्हणजे आधी कुणीतरी विचारलं होतं. काकांना शंका वाईचीच आली. पण मुद्दा त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. चांद्रवर्ष 354 दिवसांचं. विराटपर्वात पांडवांची तेरा वर्षं भरली की नाही असा वाद निघाला, तेव्हा भीष्मांनी अधिक महिने मोजूनच ती भरल्याचं सांगितलं. त्या हिशेबानं काका 49 चे नाहीतच, 51 कधीच ओलांडलंय. वैष्णवी शांतीचा मुहूर्त काढायला आलेल्या गुरुजींपुढे त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ही सगळी मांडणी केली. ‘काय गुरुजी, शास्त्राला धरून आहे ना?’

गुरुजींनी आकडे दोनदा तपासले. ‘अगदी बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘म्हणजे साहेब, तुमची शांत दीड वर्ष थकलीय. प्रायश्चित्ताचा संकल्प वेगळा सोडावा लागेल. आणि दक्षिणा त्याची निराळी.’