‘वाटेतच तर आहे’ : एका गाडीत तिघांचा माल कसा घालावा

एका गाडीत तिघांचा माल घालून भाडे वाचवण्याची विद्या ज्यांना शिकायची आहे, त्यांनी नकाशा पुढ्यात घ्यावा आणि घड्याळ कपाटात ठेवून द्यावे. नकाशात सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा आणि कराडचा गूळ एका दोऱ्यात ओवल्यासारखे दिसतात. पुढे पुणे, वाशी, भिवंडी. ट्रान्सपोर्टवाल्याला भाडे विचारताना मात्र फक्त ‘सांगली ते भिवंडी’ म्हणावे. मधले थांबे गाडी भरायला लागल्यावर एकेक करून बाहेर काढावेत, आणि दरवेळी ‘वाटेतच तर आहे’ एवढेच बोलावे. तासगाव महामार्गावर नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक असते. त्याने तसे बोलून दाखवलेच, तर चहा सांगावा.

शेवटी उतरायचा माल आधी, केबिनच्या बाजूला. पहिल्या पोचेचा फाळक्याजवळ, असे भरणीचे जुने शास्त्र आहे. म्हणजे सांगलीत चढणारी हळद भिवंडीची असायला हवी. आपली नेमकी पुण्याची असते. मग गुलटेकडीला गूळ उतरवा, बेदाणा उतरवा, हळद काढा आणि उरलेले पुन्हा चढवा. हमाली दुप्पट, वाराई कोणाच्या खात्यावर, यावर तीन गावांत फोनाफोनी. त्यातही कराडला आलेल्या गुळाच्या ढेपांना खाली जागा उरलेली नसते, म्हणून त्या बेदाण्याच्या खोक्यांवर रचाव्यात. पावसाळ्यात गूळ पाझरतो. वाशीला खोके उघडले की बेदाणा सुटा न निघता विटेसारखा सलग निघतो. मोजायला सोपा.

थांब्यांनी असा कितीसा वेळ जातो, असे विचारणाऱ्याच्या पाठीशी सरकारही आहे. 1 जानेवारी 2021 पासून ई-वे बिलाला दर 200 किलोमीटरला 1 दिवस मिळतो. हमालांची वाट पाहण्याला त्यात रकाना नाही. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतर 8 तासांत ती वाढवून मिळते, हे खरे. पण त्यासाठी रात्री कोणीतरी जागे असावे लागते, आणि तिघांनाही ते काम उरलेल्या दोघांपैकी कोणाचे तरी वाटते. म्हणूनच माझे म्हणणे असे, की गाडीला खातो तो थांबा. किलोमीटर बिचारे फुकट बदनाम आहेत.

मग दोन टन हळदीसाठी व्यापाऱ्याने अख्खी दहाचाकी करावी काय? मुळीच नाही. गाडी वाटून घेणे हाच शहाणा व्यवहार आहे. काही लोक तर थांब्यांचा क्रम, फुकट थांबायचे तास आणि वरच्या हॉल्टिंगचा दर बिल्टीवर आधीच लिहून घेतात. त्यांना भाडे जरा जास्त पडते, शिवाय ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडायला विषय उरत नाही. दहाचाकीची मालासकट 28.5 टनांची मर्यादाही ते पाळतात. आपण ती 20,000 रुपये दंड आणि वर दर जादा टनाला 2,000, या हिशेबाने लक्षात ठेवावी. त्यांची गाडी तासवडे टोलनाका ओलांडते, तेव्हा आपली कराडच्या कोल्हापूर नाक्यावर ताडपत्री अर्धी सोडून उभी असते. आणखी चाळीस ढेपा यायच्या आहेत. वाटेतच आहेत.